वाचकांचे प्रश्न : परमुलखातले कारागीर आणि त्यांच्या हातची कला

देश सोडून दुसऱ्या मुलखात वसलेले कारागीर आपली कला तिथे कशी टिकवतात आणि कशी विकतात, या विषयावर गेल्या अंकात लेख आल्यानंतर बरीच पत्रे आली. काही वाचक गिऱ्हाईक म्हणून लिहितात, काही अशा कारागिरांच्या विक्रीला हातभार लावतात, तर काही स्वतःच परदेशात बसून हातची वस्तू विकू पाहत आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : एका प्रदर्शनात आग्नेय आशियातील निर्वासित बायकांनी केलेले भरतकाम पाहिले. परंपरेतल्या आकृत्यांऐवजी त्यात नदी पोहून जाणारी माणसे, विमाने, बंदूकधारी सैनिक होते आणि खाली इंग्रजीत दोन ओळीही भरलेल्या होत्या. हे पारंपरिक काम मानायचे, की गिऱ्हाइकाला रिझवण्यासाठी काढलेला माल?

उत्तर : आपण पाहिलेले काम बहुधा ह्मोंग लोकांचे कथापट असावेत. लाओसमध्ये 1975 साली साम्यवादी सत्ता आल्यावर ह्मोंग कुटुंबे मोठ्या संख्येने मेकाँग नदी ओलांडून थायलंडमधील छावण्यांत आली. बान विनाइ ही त्यांतली सर्वांत मोठी छावणी. या लोकांचे परंपरागत काम भौमितिक आकृत्यांचे होते. वरच्या कापडाला बारीक चिरा द्यायच्या, कडा सुईच्या टोकाने आत दुमडत शिवायच्या आणि खालच्या कापडाचा रंग त्या फटीतून दिसू द्यायचा, अशी त्याची रीत. बाळाला पाठीशी बांधण्याच्या कापडावर, सणासुदीच्या पोशाखावर आणि अंत्यविधीच्या वस्त्रांवर हे काम होत असे. छावणीत कसायला जमीन नव्हती आणि हातात पैसा नव्हता, वेळ मात्र भरपूर होता. तिथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस माणसे आणि प्रसंग दाखवणारे पट तयार होऊ लागले. पुष्कळदा आकृत्या पुरुष रेखाटत आणि भरत बायका. मदतकार्यातल्या लोकांमार्फत आणि आधीच अमेरिकेत पोहोचलेल्या नातलगांमार्फत हे पट विकले गेले. पाश्चात्त्य घरांत शोभावेत म्हणून भडक रंगांच्या जागी निळे आणि तपकिरी रंग आले, आणि इंग्रजी ओळीही गिऱ्हाइकासाठीच आल्या.

तेव्हा तो माल गिऱ्हाइकासाठी बनला, हे खरेच आहे. पण त्याच कापडावर त्या लोकांनी आपले गाव, आपली शेती आणि आपली पळापळ प्रथमच चित्ररूपाने नोंदवून ठेवली, हेही तितकेच खरे आहे. ‘विकण्यासाठी केले का?’ ही कसोटी लावली, तर जगातली बरीचशी हस्तकला बाद ठरेल, कारण विणकर, कुंभार आणि सोनार हे बाजारासाठीच काम करत आले आहेत. मी वेगळे दोन प्रश्न विचारतो. बदल कोणी ठरवला, करणाऱ्याने की विकणाऱ्याने? आणि बदल आकृतीत झाला आहे, की कसबातच काटछाट झाली आहे?

तिबेटी गालिच्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. 1959 साली तिबेटमधून बाहेर पडलेल्या लोकांसाठी दार्जिलिंगमध्ये त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला स्वावलंबन केंद्र उभे राहिले, आणि थोड्याच काळात काठमांडू खोऱ्यातील जावलाखेल येथे रेडक्रॉस आणि स्वित्झर्लंडच्या मदतीने गालिचे विणण्याचे काम सुरू झाले. तिबेटमध्ये गालिचा मुख्यतः बसायच्या-निजायच्या बैठकीपुरता, म्हणजे साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असे. युरोपच्या गिऱ्हाइकाला खोलीभर पसरणारा, फिक्या रंगाचा आणि मोजक्या नक्षीचा गालिचा हवा होता. आकार बदलला, रंग बदलले, ड्रॅगन आणि कमळे मागे पडली. गाठ मारायची पद्धत मात्र तीच राहिली : ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांवर, एक आडवी सळई धरायची, लोकरीचा धागा ताण्याच्या दोऱ्यांमागून घेऊन सळईवरून फिरवत न्यायचा, ओळ पुरी झाली की ती ठोकून बसवायची आणि सळईवरचे वेढे सुरीने चिरून सळई मोकळी करायची. हाताने विणलेल्या इतर बहुतेक गालिच्यांत गाठी एकेक करून मारल्या जातात, त्यामुळे ही रीत चटकन वेगळी ओळखू येते. 1990 च्या दशकापर्यंत गालिचा ही नेपाळची एक प्रमुख निर्यात बनली होती, त्याचे मोठे गिऱ्हाईक जर्मनी होते आणि मागावर बसणारे बरेच हात एव्हाना तिबेटी नसून नेपाळी होते. ही परंपरा बिघडली, असे मी म्हणणार नाही.

पॅलेस्टिनी भरतकामात तर फ्रेंच कंपनीचा सुती धागा आणि तिच्या नमुन्यांच्या पुस्तिका निर्वासनाच्या आधीच शिरल्या होत्या. पुढे छावण्यांत वेगवेगळ्या गावांच्या बायका शेजारी-शेजारी राहू लागल्या आणि एकेकाळी गावाची ओळख असलेल्या आकृत्या एकमेकींच्या झग्यांवर आल्या. युनेस्कोने 2021 मध्ये या भरतकामाची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, ती या सगळ्या सरमिसळीसकट. अफगाण विणकरांनी 1979 नंतर गालिच्यांत रणगाडे आणि बंदुका विणल्या. परंपरेत जे दिसत होते ते विणले जाई, आणि त्या वर्षांत दिसत होते ते हे.

कसबातली काटछाट मात्र निराळी. नगावर मजुरी मिळू लागली की टाका लांबतो, दोन टाक्यांतले अंतर वाढते, पक्क्या रंगाच्या जागी पाण्यात उतरणारा रंग येतो. नक्षी जुनीच राहते, म्हणून प्रदर्शनातल्या पाटीवर ‘अस्सल पारंपरिक’ असे लिहिता येते. पण माझ्या मते बंदुका विणलेल्या गालिच्यापेक्षा हे काम परंपरेपासून फार दूर गेलेले असते.

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या काही स्थलांतरित बायका भरतकाम आणि विणकाम करतात. आम्ही काही जण त्यांना विक्रीसाठी मदत करतो. किंमत काय ठेवावी, यावर दर वेळी घोळ होतो. त्या स्वतः फार कमी सांगतात आणि आम्ही सांगतो ती किंमत गिऱ्हाइकाला जास्त वाटते.

उत्तर : सुरुवात वेळेच्या नोंदीपासून करावी. एका नगाला किती वेळ लागला, असे विचारले तर ‘आठवडाभर’ किंवा ‘दोन-तीन दिवस’ असे ठोकळ उत्तर मिळते, कारण काम स्वयंपाक आणि मुले सांभाळून मधल्या वेळात झालेले असते. पुढच्या एकाच नगापुरती एक वही ठेवायला सांगा, आणि सुई हातात घेतल्याची व खाली ठेवल्याची वेळ तिच्यात लिहू द्या. कापड बेतणे, लडीतला गुंता सोडवणे, चुकले तिथे उसवणे, धुणे, इस्त्री करणे, एवढेच नव्हे तर फोटो काढणे आणि गिऱ्हाइकाच्या निरोपांना उत्तरे देणे, हा वेळही त्यात आला पाहिजे. बहुतेकींना तो आकडा पाहून धक्का बसतो, आणि मदत करणाऱ्यांना त्याहून अधिक.

या तासांना कोणता दर लावायचा, इथे सर्वांत मोठी गफलत होते. कारागीर स्वतः मायदेशातला दर मनात धरून बोलते. तिला तो आकडा बरा वाटतो, कारण तुलना तिकडच्या मजुरीशी होते. पण घरभाडे, वीज, मुलांची शाळा हे सारे ती इथल्या दराने भरते. म्हणून जिथे ती राहते तिथले कायद्याने ठरलेले किमान वेतन हा तळ मानावा, आणि कसबाप्रमाणे त्याच्या वर जावे. त्यात कच्च्या मालाचा खर्च वाया जाणाऱ्या तुकड्यांसकट मिळवावा. त्यानंतर गाळ्याचे भाडे, कार्डाने पैसे घेतल्यास कापली जाणारी रक्कम, वेष्टन, प्रवास आणि न विकल्या गेलेल्या नगांचा वाटा येतो. हा शेवटचा वाटा जवळपास सगळेच विसरतात.

दुकानात माल द्यायचा असेल, तर हिशेब आणखी कडक करावा लागतो. दुकानदार बहुधा किरकोळ किमतीच्या निम्म्या दराने माल घेतो, आणि यात तो लबाडी करत नाही. जागा, नोकर आणि अडकून पडलेला पैसा यांचा खर्च त्याला असतोच. त्यामुळे दुकानाला देण्याचा दर असा असावा की तेवढ्यावरही मजुरी पूर्ण सुटेल, आणि जत्रेत वा प्रदर्शनात स्वतः विकताना दुकानाची किरकोळ किंमत खाली पाडू नये. शेजारच्या मांडवात तोच नग अर्ध्या भावात दिसला, तर दुकानदार पुन्हा माल घेणार नाही. ‘विकले तर पैसे देऊ’ या बोलीवर माल ठेवायचा असल्यास नगांची यादी, मुदत, आणि माल खराब झाला वा हरवला तर भरपाई कोणाची, हे कागदावर घ्यावे. तो कागद कारागिराला वाचता येईल अशा भाषेत असावा. मोठ्या मागणीसाठी कापड-धाग्याची उचल आधी घ्यावी. स्वतःच्या खिशातून माल भरून तीन महिने पैशांची वाट पाहणे ज्यांना परवडते, ते सहसा स्थलांतरित नसतात.

आता आपला खरा पेच. एवढा हिशेब करून निघालेली किंमत गिऱ्हाईक देत नसेल, तर काय करावे? मजुरी कमी करू नये, वस्तू बदलावी. वीस तासांच्या भरतकामाची उशी खपत नसेल, तर तेच कसब दोन तासांच्या पट्टीत दिसू द्यावे आणि ती पट्टी यंत्रावर शिवलेल्या पिशवीवर लावावी. पिशवीचे शिवणकाम यंत्राचे आहे, हे मोकळेपणाने सांगावे. वर्षाकाठी दोन-चार मोठी कामे मागणीनुसार, पूर्ण मजुरीवर, घाई न करता करावीत. ती संग्राहकांसाठी आणि संग्रहालयांसाठी असतात, आणि कारागिराचा हात अस्सल राहतो तो अशा कामांमुळे.

दर टिकवायचा असेल, तर तो एकट्याने टिकत नाही, याचे जुने उदाहरण लंडनमध्ये आहे. 1685 मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नान्तचा आदेश रद्द झाल्यावर देश सोडलेले ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, पंथाचे अनेक रेशीम विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात वसले. पुढे मजुरीवरून दंगे झाले, तेव्हा 1773 च्या कायद्याने तिथल्या विणकरांची मजुरी दंडाधिकाऱ्यांनी ठरवावी, असे झाले. कायदा लंडन आणि आसपासच्या भागापुरताच होता; त्यामुळे काही मालकांनी काम एसेक्ससारख्या परगण्यांत नेले, आणि 1824 मध्ये कायदाच रद्द झाला. आपल्या वस्तीत पाच जणी भरतकाम करत असतील, तर पाचही जणींचा तासाचा दर एकच ठरवून घ्या. एकीने दर पाडला की चौघींचे काम जाते, आणि तो दर पुन्हा वर चढवणे फार अवघड असते.

प्रश्न : निर्वासितांच्या वस्तू मी मदत म्हणून घेते, पण वापरत नाही. हे चुकीचे आहे का? आणि त्यांच्याशी घासाघीस करावी का?

उत्तर : आपल्या हेतूत खोट नाही. आज ज्याला न्याय्य व्यापार म्हणतात त्याची सुरुवातच अशा खरेदीतून झाली. 1946 मध्ये एडना रूथ बायलर या मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या बाई पोर्तो रिकोमधील बायकांचे भरतकाम अमेरिकेत आपल्या गाडीतून नेऊन विकू लागल्या, आणि 1949 मध्ये चर्च ऑफ द ब्रदरनच्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्या युरोपीय निर्वासितांच्या हस्तकलेची विक्री हाती घेतली. आज संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था ‘मेड 51’ या नावाने निर्वासित कारागिरांच्या वस्तू बाजारात आणते. त्यातला 51 हा आकडा 1951 च्या निर्वासित करारावरून आला आहे.

मात्र दयेपोटी घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते. आपण एक पिशवी घेऊन कपाटात ठेवली, तर पुढच्या वर्षी दुसरी घेण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडची पिशवी पाहून शेजारीणही ती मागायला येत नाही. शिवाय कारागिराला चुकीचा निरोप जातो, की शिवण उसवली काय किंवा रंग उतरला काय, लोक घेतातच. आवडेल तेच घ्या आणि वापरा. अस्तर लवकर फाटले वा पट्टा आखूड पडला, तर पुढच्या भेटीत ते त्यांना सांगा, कारण कौतुकाचे शब्द त्यांना भरपूर मिळतात आणि अशा सूचना फारच थोड्या.

आणखी एक गोष्ट लिहितो, जरी आपण विचारलेली नाही. वस्तूबरोबर पलायनाची कहाणी छापलेली चिठ्ठी जोडण्याची पद्धत सर्रास झाली आहे. कहाणी सांगायची की नाही, किती सांगायची आणि नाव घालायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. काहींचे नातलग मायदेशात असतात आणि छापील नावामुळे ते अडचणीत येऊ शकतात. चिठ्ठीवर कसबाची माहिती पुरते : कोणता टाका, कोणता धागा, किती तास.

घासाघीस म्हणाल, तर ज्यांच्या बाजारात ती बोलण्याचाच भाग असते ते आपण होऊन वाढीव भाव सांगतील आणि आपल्याला ते कळेलही. पाटीवर भाव लिहिलेला असेल, तर तोच द्यावा.

प्रश्न : हाताचे काम आणि यंत्राचे काम यांतला फरक सामान्य गिऱ्हाइकाने कसा ओळखावा?

उत्तर : वस्तू उलटी करून पाहावी. यंत्राच्या भरतकामात वरचा धागा रंगीत असला, तरी मागे बहुधा बॉबिनचा वेगळा, पांढरा किंवा काळा धागा सर्वत्र एकसारखा धावलेला दिसतो. हाताच्या कामात मागे तोच रंग दिसतो, धागा कुठे संपला आणि कुठून सुरू झाला ते कळते, आणि जवळच्या एका फुलावरून दुसऱ्यावर धागा आडवा गेलेला असतो. काही परंपरांत तर मागची बाजू हीच कामाची बाजू असते. 1971 च्या युद्धानंतर सिंधमधील थरपारकरहून कच्छमध्ये आलेल्या कुटुंबांचे सूफ भरतकाम पाहा. कापडावर रेघही न काढता, उलट्या बाजूने ताण्या-बाण्याचे दोरे मोजत त्रिकोणांची सारी नक्षी भरली जाते. नजर तीक्ष्ण असेपर्यंतच हे काम होते, म्हणून त्याच्या किमतीबद्दल कुरकुर करण्याआधी दहा दोरे मोजून पाहावेत.

गालिच्यात फसवणूक अधिक होते. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर पुढची नक्षी स्पष्ट दिसते, एकेक गाठ मोजता येते आणि टोकाची झालर हे ताण्याचेच दोरे असतात. पाठीला कापड चिकटवलेले असेल, तर तो बहुधा टफ्टिंग केलेला, म्हणजे बंदुकीसारख्या अवजाराने लोकर कापडात मारून मागून रबरी चिकाने पक्की केलेला गालिचा असतो. तोही माणसानेच हाताने अवजार चालवून केलेला असल्यामुळे ‘हातचे काम’ ही पाटी पूर्णपणे खोटी ठरत नाही. गाठींचा भाव मात्र त्याला देऊ नये. ठशाच्या छपाईत एका ठशाचा दुसऱ्याशी सांधा जुळतो तिथे किंचित दुहेरी रेघ किंवा फट सापडते. अगदी कुठेच काही सापडले नाही, तर शंका घ्यावी.

प्रश्न : एका गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेले विणकाम तिथून बाहेर पडलेला विणकर दुसऱ्या देशात करत असेल, तर ते गावाचे नाव त्याने वापरावे का?

उत्तर : हा वाद अगदी ताजा आहे. टांगाइल हा बांगलादेशातला जिल्हा. फाळणीनंतर तिथले बसाक समाजाचे विणकर मोठ्या संख्येने पश्चिम बंगालमधील फुलिया आणि समुद्रगड येथे वसले आणि तिथेच टांगाइल साड्या विणू लागले. जानेवारी 2024 मध्ये भारतात ‘बंगालची टांगाइल साडी’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यावर बांगलादेशात संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारने आपल्या टांगाइल साडीला मानांकन दिले.

पेच नियमाच्या रचनेतच आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारातील 22 वे कलम भौगोलिक मानांकनाची व्याख्या करताना वस्तूचा गुण किंवा लौकिक त्या भूभागाशी जोडते. विणकर गाव सोडताना हात, डोळे आणि मापे बरोबर नेतो; भूभाग तिथेच राहतो. फुलियाच्या विणकराने आपल्या आजोबांचे नाव सोडावे, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणि ज्या गावी माग अजून चालू आहेत त्यांच्या हक्काला बाहेरच्याने धक्का लावावा, हेही बरोबर नाही. व्यवहारात मार्ग निघतो तो लेबलवर दोन्ही गोष्टी लिहिण्यात : परंपरा अमुक ठिकाणची, विणलेले अमुक ठिकाणी. ज्या देशात विकायचे तिथे ते नाव नोंदलेले असेल, तर आधी वकिलाला विचारावे.

याच्या उलट प्रकार अमेरिकेत घडला. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात आमिश या साधी, जुन्या वळणाची राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांच्या गोधड्यांना पर्यटकांची मोठी मागणी होती. तिथे येऊन वसलेल्या ह्मोंग बायका कापडावर कापड शिवण्यात वाकबगार होत्या, म्हणून 1980 च्या दशकापासून पुष्कळ गोधड्यांचे काम त्यांच्याकडे गेले, आणि त्या गोधड्या आमिश म्हणून विकल्या गेल्या. गोधडी उत्तम होती आणि मजुरीही मिळाली, पण जिच्या सुईने काम झाले तिचे नाव कुठेच नव्हते. स्थलांतरित कारागिराचे नुकसान नक्कल करणारेच करतात, असा आपला समज असतो. माझ्या मते असे नाव पुसले जाणे हे त्याहून मोठे नुकसान आहे, कारण पुढची मागणी नेहमी नावालाच येते.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे मी परदेशात आहे. घरी बसून हातची वस्तू करते आणि ओळखीत विकावी म्हणते. छंदातून चार पैसे मिळवायला परवानगी कशाला लागते?

उत्तर : लागू शकते, आणि याबाबत ओळखीच्या माणसांचे सल्ले घातक ठरतात. छंद आणि धंदा यांतली रेघ आपण ठरवत नाही, तिथला कायदा ठरवतो. अमेरिकेत एच-4 व्हिसावर असलेल्या जोडीदाराला वेगळा कामाचा परवाना मिळाल्याशिवाय काम करता येत नाही. घरी केलेल्या वस्तू विकणे हेही कामातच धरले जाऊ शकते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. पहिला नग विकण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी लेखी वाचा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. पुढे व्हिसा वाढवताना जुनी ऑनलाइन जाहिरातही अडचणीची ठरू शकते.

परवानगी असेल, तर वस्तूच्या नियमांकडे वळावे. लहान मुलांची खेळणी आणि कपडे यांना अमेरिकेत 2008 च्या कायद्याने शिशाची मर्यादा आणि चाचण्या लागू आहेत. घरी केलेली कापडी बाहुलीही त्यातून सुटत नाही. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2024 पासून नवा उत्पादन-सुरक्षा नियम लागू झाला असून बाहेरून माल पाठवणाऱ्याला संघातच असलेली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. छोट्या कारागिरांना हे जड गेले आहे. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून थांबवण्यात आली, त्यामुळे मायदेशातून थोडा-थोडा माल मागवून विकण्याचे जुने गणित आता बसत नाही. हस्तिदंत आणि शिसवी जातीचे लाकूड यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराची बंधने आहेत, म्हणून आजीची जुनी वस्तू असली तरी विकायला मांडण्यापूर्वी चौकशी करावी.

प्रश्न : एका स्थलांतरित कारागिराच्या कार्यशाळेत पैसे भरून मी एक भरतकाम शिकले. आता मला ते छान जमते. मी स्वतः करून विकले तर त्यात गैर काय?

उत्तर : टाक्यावर सहसा कोणाची मालकी नसते आणि शिकवणाऱ्यानेही पैसे घेऊनच शिकवले, त्यामुळे विकण्यावर सरसकट बंदी असावी, असे मी म्हणणार नाही. पण ज्या आकृत्या लग्नात, मयतीत किंवा पूजेत वापरल्या जातात त्या कार्यशाळेत शिकवल्या गेल्या असतील, तरी विक्रीसाठी वापरण्यापूर्वी विचारावे. शिकवणाऱ्याने नकार दिला, तर तो पाळावा. त्यांच्याच नावाने किंवा त्यांच्या समाजाच्या नावाने आपला माल विकू नये. अमेरिकेत तर मूलनिवासींच्या कलेबाबत 1990 पासून असा कायदाच आहे, की त्यांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरतो. आपण ‘अमुक परंपरेतून शिकलेले’ असे लिहू शकता. आणि ज्या बाजारात आपल्या शिक्षिका माल मांडतात तिथे त्याच मापाच्या पिशव्या कमी भावात घेऊन बसू नये. आपल्याला घरभाडे त्या पिशव्यांवर काढायचे नसेल, त्यांना बहुधा काढायचे असते. आपल्याकडे मोठी मागणी आली आणि ती एकटीने पुरी होणार नसेल, तर त्यातला वाटा त्यांच्याकडे न्या, दर त्यांनाच सांगू द्या, आणि लेबलवर दोघींची नावे घाला.